कर्नलमधल्या वॉर्निंगचा माग कसा काढतात

कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, दोन प्रकारे तक्रार करतो. एरर आली तर काम तिथेच थांबतं. सी भाषेच्या नियमांत न बसणारं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्यातून यंत्राला चालवता येईल असा कोड बनत नाही. वॉर्निंगचं तसं नसतं. लिहिलेलं नियमात बसतं, त्याचा अर्थही लागतो, पण 'तुम्हाला नक्की हेच म्हणायचं होतं ना?' अशी शंका कंपायलरला येते. शंका नोंदवून तो पुढे जातो. ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचा यंत्राच्या भाषेतला तुकडा) बनते, सगळे तुकडे जोडून बिल्ड पूर्ण होतो, मशीन त्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, सुरूही होतं. म्हणूनच वॉर्निंगकडे काणाडोळा करणं फार सोपं असतं.

साध्या प्रोग्रॅममध्ये हा काणाडोळा एखाद वेळी खपून जातो. प्रोग्रॅम कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बाजूला काढते आणि बाकीची कामं चालू राहतात. कर्नलला मात्र सावरून घेणारं खाली कुणी नसतं. चुकीच्या पत्त्यावर लिहिल्या गेलेल्या चार बाइट्स भलत्याच कुणाची तरी फाइल बिघडवू शकतात, आणि ते लक्षात येईपर्यंत मूळ जागेचा मागमूस उरलेला नसतो. तोच दोष वॉर्निंग आधीच सांगते, तेही फाइलच्या नावासकट आणि ओळीच्या आकड्यासकट. तिचा माग काढत बसणं हे कर्नलच्या कामातलं सगळ्यात कमी कौतुकाचं काम आहे. माझ्या मते ते सगळ्यात मोलाच्या कामांपैकीही एक आहे.

उदाहरणं लिनक्सची घेतो, कारण त्याचा सोर्स आणि इतिहास दोन्ही सगळ्यांसमोर आहेत.

आधी ती आपल्याकडे दिसली पाहिजे

'या फाइलमध्ये वॉर्निंग येते' एवढंच कुणी सांगितलं, तर बहुतेक वेळा ती आपल्याकडे येत नाही. लिनक्सच्या सोर्समध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, पण एका बिल्डमध्ये त्यांतला थोडाच भाग कंपाइल होतो. कोणता भाग घ्यायचा हे कॉन्फिगरेशन ठरवतं. त्यात दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत आणि ते एकमेकांवर अवलंबून असतात. पॉवर मॅनेजमेंट बंद ठेवलं की एखाद्या ड्रायव्हरमधली, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या कोडमधली, दोन फंक्शन्स कुणीच वापरत नाही आणि 'फंक्शन लिहिलं आहे पण वापरलेलं नाही' अशी वॉर्निंग येते. ते चालू असलं की तीच फाइल गप्प. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने स्वतःच्या मशीनवर शंभरदा बिल्ड केला तरी त्याला ती दिसणार नाही.

म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी हव्यात: नेमका कमिट (सोर्सच्या इतिहासातली बदलाची एक नोंद), पूर्ण कॉन्फिग फाइल, प्रोसेसरचा प्रकार आणि कंपायलरची आवृत्ती. यातली एक जरी बदलली तरी वॉर्निंग नाहीशी होऊ शकते. कंपायलरची तर फारच सहज. जीसीसी या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्यांवरही कर्नल बिल्ड व्हावा असा प्रयत्न असतो (२०२१ पासून किमान अट जीसीसी ५.१ ची होती, २०२५ मध्ये ती ८.१ वर नेली), शिवाय क्लँग हा दुसरा कंपायलरही चालतो. या प्रत्येकाच्या शंका वेगळ्या.

इतक्या जोड्या कुणी माणूस हाताने तपासू शकत नाही, म्हणून हे काम बरंचसं यंत्रांवर सोपवलेलं आहे. इंटेलचा 'कर्नल टेस्ट रोबॉट' नवे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, निरनिराळ्या कॉन्फिगरेशनमध्ये बिल्ड करून पाहतो आणि नवी वॉर्निंग दिसली की लिहिणाऱ्याला ईमेल पाठवतो. २००८ पासून चालू असलेल्या 'लिनक्स-नेक्स्ट' या शाखेत पुढच्या आवृत्तीसाठीचं सगळ्यांचं काम एकत्र करून बिल्ड केलं जातं. कर्नल डेव्हलपर आर्न्ड बर्गमन तर वर्षानुवर्षं 'रँडकॉन्फिग' बिल्ड चालवून त्यातून निघालेल्या वॉर्निंग्ज दुरुस्त करत आले आहेत. रँडकॉन्फिग म्हणजे सगळे पर्याय यदृच्छेने निवडून तयार केलेलं कॉन्फिगरेशन. कुणी मुद्दाम कधीच निवडणार नाही अशा जोड्या त्यातून समोर येतात.

नव्याने या कामात येणारे हमखास अडखळतात ती एक जागा इथेच सांगतो. फाइल कंपाइल होते तेव्हाच वॉर्निंग येते. एकदा बिल्ड झाल्यावर पुन्हा 'मेक' (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) चालवलं की न बदललेल्या फाइलींना तो हातही लावत नाही, आणि स्क्रीन स्वच्छ दिसते. दोष जागेवरच असतो, फक्त त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. संपूर्ण कर्नल पुन्हा बांधायचीही गरज नाही. 'मेक'ला त्या एका ऑब्जेक्ट फाइलचा पत्ता द्यायचा, त्याआधी जुनी ऑब्जेक्ट फाइल पुसायची, आणि काही सेकंदांत वॉर्निंग पुन्हा समोर येते. अनेक फाइली समांतर कंपाइल होत असतील तर दोन वॉर्निंग्जच्या ओळी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे वाचनासाठी फाइल एकटीच कंपाइल केलेली बरी.

दिसते एका ओळीवर, असते दुसरीकडे

वॉर्निंग शेवटाकडून वाचायची सवय लावून घ्यावी. पहिल्या ओळीच्या टोकाला चौकटी कंसात त्या तपासणीचं नाव असतं: फॉरमॅट, अनयूज्ड-व्हेरिएबल, अरे-बाउंड्स वगैरे. कंपायलरला नेमकी कसली शंका आहे ते त्या नावावरून कळतं. खालच्या 'नोट' म्हणून आलेल्या ओळी बरेच जण सोडून देतात, पण खरी माहिती अनेकदा तिथेच असते.

कारण कर्नलमध्ये मॅक्रोंचा (कंपाइल होण्याआधी मोठ्या कोडमध्ये उलगडणारी छोटी नावं) आणि हेडर फाइलींचा (अनेक फाइलींत ओतला जाणारा सामाईक कोड) प्रचंड वापर आहे. तुमच्या ड्रायव्हरच्या दोनशेव्या ओळीवर लॉगमध्ये ओळ छापणारी एक साधी 'डेव्ह-इन्फो'ची हाक असते. ती एका मॅक्रोत उलगडते, तो दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात, आणि वॉर्निंग येते ती तिसऱ्या हेडरमधल्या ओळीच्या नावाने. उलटंही होतं: हेडरमध्ये कुणीतरी केलेल्या बदलामुळे कधी न शिवलेल्या चारशे फाइली एकदम ओरडू लागतात. भिंतीवर ओल उमटते एका खोलीत आणि पाइप झिरपत असतो दुसऱ्याच, तसा हा प्रकार. कंपायलर सांगतो ती शंका आलेली जागा. दोष कुठून आला हे त्याला माहीत नसतं.

मॅक्रोंच्या जंगलात वाट सापडेनाशी झाली तर एक खात्रीचा उपाय आहे. ऑब्जेक्ट फाइलऐवजी त्याच नावाची 'डॉट आय' फाइल मागायची. सगळे मॅक्रो उलगडल्यावर आणि सगळे हेडर आत ओतल्यावर कंपायलरने प्रत्यक्षात काय वाचलं, ते त्या फाइलमध्ये असतं. ती हजारो ओळींची असते, पण शेवटच्या भागात आपलं फंक्शन सापडतं आणि तिथे कुठलाही आडपडदा राहत नाही.

एक वॉर्निंग तळापर्यंत

एखादा नेटवर्क ड्रायव्हर घेऊ. त्यात डीएमएचा पत्ता, म्हणजे हार्डवेअर मेमरीत जिथे थेट लिहिणार आहे ती जागा, लॉगमध्ये छापणारी एक ओळ आहे. लिहिणाऱ्याने त्यासाठी '%एक्स' हे फॉरमॅट, म्हणजे किंमत कशी छापायची ते सांगणारी खूण, वापरलं. त्याच्या ३२ बिटच्या बोर्डवर बिल्ड स्वच्छ झाला. रोबॉटने तोच पॅच ६४ बिटवर बांधला आणि फॉरमॅट वॉर्निंग आली: '%एक्स'ला अनसाइन्ड इंट (३२ बिटचा आकडा) लागतो, तुम्ही लाँग लाँग (६४ बिटचा) दिला आहे.

घाईतला पहिला उपाय म्हणजे '%एलएलएक्स' करणं. ६४ बिटवर वॉर्निंग जाते आणि ३२ बिटवर उगवते. दुसरा घाईचा उपाय म्हणजे पत्ता जबरदस्तीने अनसाइन्ड इंटमध्ये बसवणं, म्हणजे कास्ट. आता दोन्हीकडे शांतता, पण ६४ बिटवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. चार जीबीच्या पलीकडच्या बफरचा पत्ता लॉगमध्ये चुकीचा येतो. पुढे कधी खरोखरच डीएमएची गडबड शोधायची वेळ आली, की शोधणारा या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून भलतीकडे जातो. वॉर्निंग दिसत होती तेव्हा निदान दोष उघडा होता.

मुळाशी गेलं की कळतं, की डीएमए पत्त्याच्या प्रकाराची रुंदी मुळात ठरलेलीच नाही. कॉन्फिगरेशनमधल्या एका पर्यायानुसार तो ३२ किंवा ६४ बिटचा होतो. ३२ बिटच्या काही एआरएम मशीनवरही तो ६४ बिटचा असू शकतो. म्हणजे रुंदी गृहीत धरणारं कोणतंही फॉरमॅट कुठेतरी चुकणारच. कर्नलच्या छपाईत यासाठी '%पीएडी' असं खास फॉरमॅट आहे. त्याला किंमत न देता त्या व्हेरिएबलचा पत्ता द्यायचा, आणि रुंदी त्याची तो बघून घेतो. दुरुस्ती एका ओळीची, पण ती सापडते ती 'हा प्रकार बदलता का आहे' असं विचारल्यावर.

छपाईतली चूक म्हणजे फार तर आकडा वेडावाकडा दिसेल, असंही कुणाला वाटेल. ३२ बिटच्या काही मशीनवर तेवढ्यावर भागत नाही. ६४ बिटची किंमत देऊन ३२ बिटचं फॉरमॅट लावलं, की उरलेला अर्धा भाग पुढच्या फॉरमॅटच्या वाट्याला जातो. ते पुढचं फॉरमॅट जर मजकूर छापणारं '%एस' असेल, तर कर्नल त्या अर्ध्या आकड्याला मजकुराचा पत्ता समजून तिथे वाचायला जातो.

गप्प करणं आणि दुरुस्त करणं

सगळ्यात जास्त वाद होतो तो 'व्हेरिएबलला किंमत न देताच वापरलं असावं' या वॉर्निंगवर. यातलं 'असावं' महत्त्वाचं आहे. जीसीसीची ही तपासणी ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे कोड वेगवान करण्याच्या, ओघात होते. फंक्शन इनलाइन झालं (त्याचा कोड बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळला) की नाही, कोणती शाखा आधी काढून टाकली, यावर तिचा निकाल बदलतो. त्यामुळे ती पुष्कळदा खोटी ठरते. २०२० मध्ये जीसीसी १० आल्यावर अशा खोट्या वॉर्निंग्जचा पूर आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी नेहमीच्या बिल्डमध्ये ती बंद करून टाकली. क्लँगची याच स्वरूपाची तपासणी ऑप्टिमायझेशनवर अवलंबून नसते, म्हणून ती तुलनेने भरवशाची.

कर्नलमध्ये पूर्वी एक मॅक्रो होता, जो व्हेरिएबलला त्याचीच किंमत द्यायचा. अर्थाने काहीच नाही, पण कंपायलर गप्प बसायचा. लावताना शंका खोटीच असायची बहुधा. पण वर्षभराने कुणीतरी त्या फंक्शनमध्ये नवी एरर-शाखा घालतो, तिथे किंमत खरोखरच द्यायची राहते, आणि आता सांगणारं कुणी नसतं. खऱ्या चुका अशा झाकल्या जात होत्या म्हणून २०२० मध्ये तो मॅक्रो कर्नलमधून काढून टाकला. त्याच्या जागी सरसकट शून्य भरणं हाही उपाय मला पटत नाही. शून्य ही अनेक फंक्शन्समध्ये 'काम यशस्वी झालं' अशी खूण असते. विसरलेल्या एरर-शाखेतून शून्य परत गेलं तर अपयश यश म्हणून खपतं. आधी प्रत्येक वाट कागदावर काढावी. वाट खरंच अशक्य असेल तर कोडची मांडणी अशी बदलावी की ते वाचणाऱ्यालाही दिसेल आणि कंपायलरलाही.

तक्रार न समजता गप्प केल्यावर काय होतं याचं सगळ्यात महागडं उदाहरण कर्नलबाहेरचं आहे. डेबियन या लिनक्सच्या वितरणात २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीबद्दल 'किंमत न दिलेली मेमरी वापरली जाते' अशी तक्रार मेमरी तपासणाऱ्या एका साधनाने केली. ती घालवण्यासाठी काढलेल्या कोडसोबत यादृच्छिक आकड्यांच्या जनकाला मिळणारी जवळजवळ सगळी अनिश्चितता गेली. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं तोवर त्यातून बनलेल्या असंख्य कूटलेखनाच्या किल्ल्या अंदाजाने शोधता येण्याजोग्या होत्या, आणि त्या सगळ्या बदलाव्या लागल्या.

कधीपासून?

दोष कुठे आहे हे कळूनही का आहे हे कळत नसेल, तर तो कधी आला ते शोधावं. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये त्यासाठी 'बायसेक्ट' आहे. वॉर्निंग नसलेला एक जुना कमिट आणि असलेला एक नवा कमिट सांगायचा. गिट मधला कमिट काढून देतो, आपण बिल्ड करून पाहतो, अर्धा पट्टा बाद होतो. कर्नलच्या दोन आवृत्त्यांमध्ये साधारण १३ ते १५ हजार कमिट असतात. प्रत्येक वेळी निम्मे गेले तर सुमारे १४ पायऱ्यांत दोषी कमिट सापडतो.

हे स्क्रिप्टवर सोपवता येतं, पण वॉर्निंगच्या बाबतीत एक खाच आहे. वॉर्निंग आली तरी 'मेक' यशस्वी झाल्याचंच सांगतो, त्यामुळे साधी स्क्रिप्ट सगळेच कमिट चांगले ठरवते. 'सगळ्या वॉर्निंग्ज एरर समजा' असा पर्याय लावला तर उलटी अडचण: जुन्या कमिटमध्ये भलतीच वॉर्निंग असली तरी तो वाईट ठरतो. त्यामुळे फक्त आपल्या तपासणीपुरती एरर मागावी किंवा बिल्डच्या आउटपुटमध्ये नेमका तो मजकूर शोधावा. आणि एखादा कमिट वेगळ्याच कारणाने बिल्ड होत नसेल तर स्क्रिप्टने १२५ हा आकडा परत द्यावा. 'याच्याबद्दल मला सांगता येत नाही, दुसरा दे' असा त्याचा अर्थ गिटला कळतो.

बायसेक्ट करण्याआधी मात्र एक प्रश्न स्वतःला विचारावा: कोड बदलला की कंपायलर? जीसीसी १५ ने, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटला जागा न ठेवता अॅरेत मजकूर भरला तर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली. कर्नलमध्ये अशा जागा अनेक होत्या, वर्षानुवर्षं तशाच, आणि त्यांतल्या बऱ्याच मुद्दाम तशा होत्या: चार अक्षरांची खूण चार बाइटांत ठेवायची, तिला मजकूर म्हणून कधी वाचायचंच नाही. इथे बायसेक्ट तुम्हाला फार मागे, ती ओळ पहिल्यांदा लिहिली गेली तिथवर नेईल आणि हाती काही लागणार नाही. अशा अॅरेला 'हा मजकूर नाही' अशी खूण लावणं हीच तिथे योग्य दुरुस्ती.

कंपायलर संपला तरी

कंपायलरनंतरही तपासण्या चालू असतात. त्यांतली 'सेक्शन मिसमॅच' ही मला सगळ्यात शिकवणारी वाटते. सुरू होताना एकदाच लागणारी फंक्शन्स कर्नल 'इनिट' अशी खूण लावून वेगळ्या विभागात ठेवतो आणि बूट झाल्यावर ती मेमरी मोकळी करतो. कायम राहणाऱ्या फंक्शनने अशा फंक्शनला हाक मारली, तर नंतर कधीतरी ती हाक मोकळ्या झालेल्या मेमरीत जाऊन पडेल. लिंकिंगच्या, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडण्याच्या, वेळी 'मॉडपोस्ट' नावाचा प्रोग्रॅम नेमकं हे तपासतो.

गंमत अशी, की ही वॉर्निंग कधी जीसीसीवर येत नाही आणि क्लँगवर येते. एक छोटं फंक्शन, इनिटची खूण नसलेलं, फक्त इनिट फंक्शनमधूनच बोलावलं जातं आणि इनिट विभागातला डेटा वाचतं. जीसीसीने ते इनलाइन केलं तर ते बोलावणाऱ्याच्या पोटात गेलं, म्हणजे आपोआप इनिट विभागात. क्लँगने ते वेगळं ठेवलं तर ते कायमच्या विभागात राहिलं, आणि तिथून इनिट डेटाकडे बोट गेलं. बरेच जण याला क्लँगची कटकट म्हणतात. खूण पहिल्यापासून राहूनच गेली होती. जीसीसीच्या इनलाइनिंगने ती चूक झाकून ठेवली होती.

याखेरीज टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये लिहिलेला 'स्पार्स' हा तपासणीचा प्रोग्रॅम आहे. युजर प्रोग्रॅमकडून आलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) थेट वापरला किंवा बिग एंडियन आकडा तसाच लिटल एंडियन (उलट्या बाइट-क्रमाचा) म्हणून घेतला, तर तो पकडतो. साध्या सी कंपायलरला हे भेद दिसतच नाहीत. 'मेक'ला 'सी=१' दिलं की तो चालतो, आणि 'डब्ल्यू=१' दिलं की कंपायलरच्या एरवी बंद ठेवलेल्या जास्तीच्या तपासण्या सुरू होतात. नव्या कोडवर दोन्ही चालवावेत. जुन्या कोडवर 'डब्ल्यू=२' लावून निघेल ते सगळं दुरुस्त करत सुटू नये; त्यात कामाचं थोडं, गोंगाट जास्त.

मग सगळ्या वॉर्निंग्जना सरळ एररच का करत नाहीत? २०२१ च्या सप्टेंबरमध्ये टोरवाल्ड्स यांनी कर्नलच्या ५.१५ या आवृत्तीसाठी नेमकं तेच केलं. पण इतके कंपायलर आणि इतकी आर्किटेक्चर्स (प्रोसेसरचे प्रकार) असताना कुणाचा ना कुणाचा बिल्ड अडणारच होता, आणि अडला. काही दिवसांतच तो पर्याय फक्त चाचणीसाठीच्या बिल्डपुरता आपोआप चालू राहील असं ठरलं. मला ही तडजोड बरोबर वाटते. कर्नलवर काम करणाऱ्याला वॉर्निंगने थांबवावं. जुन्या मशीनसाठी कर्नल बांधणाऱ्याला नव्या कंपायलरच्या नव्या शंकेपायी अडवून ठेवू नये.

दुरुस्ती झाल्यावर तीच फाइल निदान एका ३२ बिट आणि एका ६४ बिट कॉन्फिगरेशनमध्ये, जीसीसी आणि क्लँग दोन्हींवर बांधून पाहावी. केवळ मांडणी बदलली असेल, वागणूक नाही, असा दावा असेल तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल डिसअसेंबल करून, म्हणजे तिच्यातल्या यंत्राच्या सूचना वाचता येतील अशा काढून, ताडून पाहावी. कोड तोच निघाला तर दाव्याला पुरावा मिळाला. पॅचच्या वर्णनात वॉर्निंगचा मूळ मजकूर जसाच्या तसा द्यावा, म्हणजे उद्या तीच वॉर्निंग शोधणाऱ्याला तो सापडेल. मग ती कोणत्या कॉन्फिगरेशनमध्ये येते आणि खरा दोष काय होता ते लिहावं. शेवटी 'फिक्सेस' या ओळीत दोष आणणाऱ्या कमिटच्या ओळखीची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक द्यावं. जुन्या आवृत्त्या सांभाळणारे लोक ही ओळ पाहून ठरवतात, की ही दुरुस्ती त्यांच्याकडेही न्यायची की नाही.